तक्त्यातली तिघं

आमच्या धंद्यात एकच काम दोघांनी करायचं असतं, आणि करताना एकमेकांशी त्याबद्दल ब्रही काढायचा नसतो. नव्या औषधाची चाचणी होते, रुग्णांची माहिती आमच्याकडे येते आणि आम्ही तिचे तक्ते बनवतो: किती जणांना मळमळलं, किती जणांचं डोकं दुखलं. एक जण प्रोग्रॅम लिहून तक्ता काढतो. दुसरा त्याचा प्रोग्रॅम न बघता आपला वेगळा लिहितो आणि तोच तक्ता काढतो. मग दोन्ही तक्ते समोरासमोर ठेवायचे. जुळले तर बरोबर, नाही जुळले तर कुणीतरी चुकलंय. आधीच कानात कुजबुजून एकमत केलं तर दोन माणसं बसवायची कशाला, असा साधा विचार आहे आणि मला तो पटतो. फक्त माझ्या बाबतीत झालं काय, की ते पहिलं माणूस म्हणजे माझी सख्खी वहिनी होती, आणि मी तिच्याच घरात राहत होते.

आता हे आठवलं की हसू येतं. तेव्हा मात्र जीव मुठीत धरून होते.

मी नागपूरची. लग्न मोडल्यावर चार वर्षांच्या पोट्टीला आईजवळ ठेवून मी बेंगळुरूला दादाकडे आले, कोर्स केला आणि वहिनीच्याच कंपनीत लागले. तिनं माझ्यासाठी शब्द टाकला असं कुणी म्हणू नये म्हणून माझ्या मुलाखतीच्या दिवशी ती चक्क रजा घेऊन घरी बसली. वहिनी अशी आहे. पुण्याची, टापटिपीची, नाकावर माशी बसू न देणारी. तिच्या फ्रीजमधल्या डब्यांवरसुद्धा चिठ्ठ्या असतात. माझ्या हातून आल्याच्या डब्यात लसूण गेला तर ती बोलत काही नाही, फक्त लसूण उचलून त्याच्या डब्यात ठेवते. बाई बोलली असती तर बरं, असं मला दर वेळी वाटायचं.

आमचं नातं कंपनीला ठाऊक होतं, म्हणून आम्हाला वेगवेगळ्या कामांवर ठेवलं होतं. पण वहिनीचं काम तपासणारा मुलगा दुसरी नोकरी धरून निघून गेला. तक्ते द्यायची तारीख डोक्यावर आलेली, आणि हाताशी रिकामी मीच. आमचे टीम लीड बेंगळुरूतल्याच चामराजपेटचे. शिवकाळाच्या आगेमागे इकडे आलेल्या मराठी घराण्यातले, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. घरात मराठीच बोलतात, पण त्यात कन्नड असं मुरलंय की वेगळं काढता येत नाही; ठीक आहे म्हणायला 'सरी', जरा म्हणायला 'स्वल्प'. त्यांनी वरून परवानगी आणली आणि आम्हा दोघींना समोर बसवलं.

"हे बघा, घरात सांबारबद्दल बोला, सासूबद्दल बोला. तक्त्याबद्दल नाही. सरी?"

"सरी," वहिनी म्हणाली.

"हिची सासू म्हणजे माझी आई, अण्णा," मी म्हटलं. "तिच्याबद्दलही नकोच."

अण्णा मोठ्यानं हसले. वहिनी हसली नाही.

माझं प्रोबेशन संपत आलं होतं आणि सगळं घोडं तिथंच अडलं होतं. ऑफिसच्या आवारात पाळणाघर आहे, पण ते फक्त पक्क्या लोकांच्या मुलांना मिळतं. मी पक्की झाले तर पोट्टी माझ्याकडे येणार, नाही झाले तर मी बाडबिस्तरा गुंडाळून नागपूरला जाणार. दादा म्हणाला असता, राहा गं, दुसरी बघू. पण लेकराला सोडून माणूस किती दिवस बघणार? रोज संध्याकाळी फोनवर ती एकच विचारायची, "आई, तू तिकडं काय करून राहिली?" आता काय सांगू बाप्पा? लोकांची मळमळ मोजून राहिली?

तर घरात मौन सुरू झालं. सकाळी आम्ही दोघी एकाच कॅबमधून जायचो. बेळ्ळंदूरला गाडी अडकली की अडकलीच, तिथं बोलणार काय, तर मेथी. मेथीची जुडी कशी होती, पानं जून होती का कोवळी, तिकडे नागपूरला कशी करतात. त्या महिन्यात मी मेथीवर जेवढं बोलले तेवढं एखादी भाजीवाली जन्मात बोलली नसेल. दादा वेगळ्या कंपनीत. तो बिचारा कंटाळून म्हणायचा, "घरात दोन बायका, एकच ऑफिस, आणि एक चुगली नाही. मी काय पाप केलंय?"

आता थोडं आमच्या त्या भाषेबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं ध्यानात येणार नाही. आम्ही ज्या भाषेत प्रोग्रॅम लिहितो ती जुनी आहे आणि तिला एक खोड आहे. शब्द साठवायला तिला खण लागतो. तो किती अक्षरांचा हवा, हे आपण आधी सांगून ठेवायचं असतं. नाही सांगितलं तरी ती अडत नाही. त्या खणासाठी प्रोग्रॅममध्ये जो शब्द सगळ्यात आधी लिहिलेला दिसेल, त्याच्या मापाचा खण कापून ती मोकळी होते. पुढे लांब शब्द आला तर मावेल तेवढा आत, उरलेला छाटून फेकला. शिंप्यानं पहिल्या गिऱ्हाइकाचं माप घ्यावं आणि त्याच मापात गावभर सदरे शिवावेत, तसलं हे. एरवी बारीकसारीक गोष्टींवर कुरकुर करणारी ही भाषा इथं मात्र चकार शब्द काढत नाही. कोर्सला मी एकदा इंग्रजीत 'नो' आधी आणि 'येस' नंतर लिहिलं. खण दोन अक्षरांचा झाला आणि सगळ्या 'येस'चं शेपूट गेलं. अख्खा वर्ग हसला. तेव्हापासून मी प्रोग्रॅमच्या डोक्यावर आधी लांबी लिहिते, मग बाकीचं सगळं.

आमचं औषध सांधेदुखीचं होतं. त्याच्या त्रासांच्या तक्त्यात छातीत दुखण्याच्या दोन ओळी ठरल्या होत्या: साधं दुखणं असेल तर 'चेस्ट पेन', आणि हृदयाशी संबंध असेल तर 'चेस्ट पेन कार्डियाक'. ज्या त्रासाचा एकही रुग्ण नाही, त्याची ओळ तक्त्यात येतच नाही. सांधेदुखीच्या औषधानं हृदयाला धक्का लागू नये अशी सगळ्यांचीच इच्छा, त्यामुळे ती ओळ नसती तर कुणाला खटकलंही नसतं, उलट बरंच वाटलं असतं. माझ्या तक्त्यात त्या ओळीत तिघं आली. वहिनीच्या तक्त्यात ती ओळच नव्हती.

अण्णांनी मला बाजूला बोलावलं. "अक्का, तुमच्यात कार्डियाकमध्ये तिघं आलीत. मूळ तक्त्यात कुणी नाही. तुम्ही नवीन आहात, अट कुठं तरी सैल राहिली असेल. स्वल्प परत बघा." वहिनीलाही त्यांनी सांगितलं, चेस्ट पेनचं जुळत नाही, तुमचं तुम्ही तपासा. माझ्याशी ते अगदी मायेनं बोलले आणि म्हणूनच ते जास्त झोंबलं.

मी परत बघितलं. त्या तिघांच्या मूळ नोंदी उघडून शब्द न् शब्द वाचला. नावं आमच्यापर्यंत येत नाहीत, नुसते क्रमांक येतात. पण डॉक्टरांनी लिहिलेलं सगळं होतं. हृदयाच्या तपासण्या झालेल्या होत्या. एक बाई माझ्या आईच्या वयाची होती, तिला दवाखान्यात दाखल करावं लागलं होतं. अट सैल नव्हती. ती तिघं खरी होती.

खरं सांगते, मोह झाला. प्रोग्रॅममधली एक ओळ काढायचा अवकाश, तिघं मुकाट्यानं साध्या चेस्ट पेनमध्ये जाऊन बसली असती. माझ्याही तक्त्यातली कार्डियाकची ओळ गेली असती, अण्णांनी सरी म्हटलं असतं, आणि पाळणाघर माझं झालं असतं. कुणी विचारणार नव्हतं. उलट, नवीन असून लवकर सुधारते हो, असं कौतुक झालं असतं. आणि ओळ ठेवली तर? एक तर मी चुकलेली निघणार, तीही प्रोबेशनच्या अगदी शेवटी. नाहीतर वहिनी चुकलेली निघणार, आणि जिच्या हातची पोळी खाते तिचीच मी चूक काढली असं होणार. इकडे आड, तिकडे विहीर.

सासरी मला एकच गोष्ट सगळे सांगायचे, जुळवून घे. घेतलं की मी! भाजीत गूळ त्यांच्या चवीनं, झोप त्यांच्या वेळेनं, हसणंसुद्धा त्यांना चालेल एवढंच. होता होता मला झणझणीत भाजी आवडते हेही मी विसरून गेले होते. आणि आता पहिल्यांदा अशी नोकरी मिळाली होती, जिथं समोरच्याचं बघून बदलायचं नाही हेच माझं काम होतं. त्यासाठीच तर दुसरं माणूस बसवतात. मी ओळ काढली नाही. उठले आणि चहा घ्यायला गेले.

त्या संध्याकाळी जेवताना वहिनी भांड्यातल्या वरणाशी बोलावं तसं बोलली, "काही लोक आधी स्पेसिफिकेशन वाचतच नाहीत. डायरेक्ट कोड लिहायला बसतात."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "आणि काही लोकांना वाटतं, आपलं जन्मात कधी चुकतच नाही."

दादानं दोघींकडे बघितलं. "मेथी जरा कडू झालीय का आज?"

"तू गप्प बस!" आम्ही दोघी एकदमच म्हणालो. मेथी तशीच राहिली.

मग आईचा फोन आला. पोट्टीनं म्हणे स्वतःची पिशवी भरून दाराशी ठेवली होती. त्यात तिचा एक फ्रॉक, स्टीलचा पेला आणि आजीचा कंगवा. "मी तयार आहे," ती म्हणाली. मी हूं म्हटलं आणि फोन दादाच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी जाऊन मी दोन्ही तक्ते परत समोर ठेवले. वहिनीचा प्रोग्रॅम बघायची मला मुभा नव्हती, पण तक्ता बघता येत होता. आदल्या दिवशी मी नुसती नसलेल्या ओळीवर चरफडत बसले होते. तिच्या असलेल्या ओळीकडे लक्षच दिलं नव्हतं. वहिनीच्या तक्त्यात साध्या चेस्ट पेनचा आकडा माझ्यापेक्षा जास्त होता, आणि बरोबर तीननंच जास्त होता. म्हणजे तिघं गायब नव्हती झाली! ती तिथंच होती, फक्त त्यांचं शेपूट गेलं होतं. खण 'चेस्ट पेन'च्या मापाचा कापला गेला असणार, आणि 'कार्डियाक' बाहेर पडला असणार. अगं बाई! माझं 'नो' आणि 'येस', तेच ते. फक्त इथं शेपटासोबत तीन माणसांची हृदयं गेली होती.

मी अण्णांकडे गेले. "अण्णा, माझं बरोबर आहे. मी बदलणार नाही. त्यांना एकच सांगा, खणाची लांबी बघा म्हणावं. पहिला शब्द कुठला लिहिलाय तो बघा."

अण्णा "स्वल्प थांबा," म्हणून उठले आणि वहिनीच्या टेबलाकडे गेले.

माझ्या जागेवरून मला वहिनीची फक्त पाठ दिसत होती. ती मान हलवत होती, नाही नाही, असं. मग हलवायची थांबली. मग तिनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. वहिनी कामात असताना चष्मा काढत नाही. आता घरी काय होणार, असं मनात आलं, आणि त्याच वेळी असंही वाटलं, की काय व्हायचं ते होऊ दे.

अण्णा परत आले. "सरी, अक्का," ते म्हणाले. "तुमची तिघं सापडली."

हुश्श! असा जीव भांड्यात पडला म्हणता! मी सरळ वॉशरूममध्ये गेले, तोंडावर पाणी मारलं आणि एकटीच खदाखदा हसत सुटले. वेड लागल्यासारखी. तेवढ्यात दार उघडून वहिनी आत आली. मी हसू गिळलं.

"मी लाइन्स अल्फाबेटिकल केल्या गं," ती म्हणाली. मौन संपलं होतं. एकदा चूक सापडली की बोलायला परवानगी असते. "आधी कार्डियाकची लाइन सगळ्यात वर होती. तेव्हा बरोबर चाललं होतं. मग मला ते जरा पसरल्यासारखं वाटलं, म्हणून ए-बी-सी-डीनं लावून टाकलं सगळं. चेस्ट पेन वर गेलं आणि खण लहान झाला. लांबी लिहायला हवी होती आधी, नाही लिहिली. नीटनेटकं करायला गेले आणि बघ."

"डब्यांसारखं," माझ्या तोंडून निघून गेलं.

तिनं डोळे वटारले. आणि मग तीही हसायला लागली, इतकी की बेसिनला धरून उभी राहिली. हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"तू बदललं असतंस तर ते तसंच गेलं असतं गं," ती म्हणाली. "माझ्या नावानं. तीन माणसं. आणि खरं सांगू? काल जेवताना मी मनात म्हणत होते, हिनं आता बदलावं आणि विषय संपवावा. थँक गॉड, तू माझ्या मनासारखं वागली नाहीस."

मी तिला टिश्यूपेपर काढून दिला. तिनं नाक पुसलं, चष्मा घातला आणि लांबीची ओळ लिहायला निघून गेली.

दुपारपर्यंत दोन्ही तक्ते जुळले. दोन्हीकडे तिघं, स्वतःच्या ओळीत. संध्याकाळी निघताना अण्णा माझ्या टेबलाशी थांबले. "कन्फर्मेशनचं पत्र सोमवारी येईल. पण पाळणाघराकडे आजच बोलून ठेवा हं, तिथल्या जागा लवकर संपतात." एवढं बोलून ते बस पकडायला गेले. मी त्यांना नीट थँक्यूही म्हटलं नाही, तशीच बसून राहिले. खांद्यावरचं ओझं उतरलं की माणसाला आधी हलकं वाटत नाही, आधी थकवा येतो. मला तिथंच डोकं टेकून झोपावंसं वाटत होतं.

कॅबमध्ये बसल्या बसल्या मी आईला फोन लावला. बेळ्ळंदूरला गाडी नेहमीसारखी रुतली होती, आजूबाजूला हॉर्न वाजत होते, म्हणून मी स्पीकर सुरू केला.

"आई, झालं! पक्की झाले. दादा येतोय पोट्टीला आणायला."

आई आधी रडली, मग देवाचं नाव घेतलं. मग एकदम आवाज खाली आणून म्हणाली, "तुझ्या वहिनीला विचारलंस का पण? घर तिचं आहे. लेकरू आलं म्हणजे पसारा आला, रडणं आलं. तू जरा सांभाळून घे हो. तिच्या कलानं घे. तिला आवडणार नाही असं काही करू नको."

वहिनी शेजारीच बसलेली. मला धरणी दुभंगावी असं झालं. स्पीकर बंद करायला मी बटण शोधतेय, तोवर तिनं फोन माझ्या हातातून काढून घेतला.

"आई, मी बोलतेय. पोरीला पाठवा. तिची उशी, तिचं पांघरूण, काय हवं ते सगळं पाठवा. आणि अजून एक ऐका. ऑफिसात माझं चुकलं होतं. छोटं नाही, मोठं चुकलं होतं. तुमच्या लेकीनं ते धरलं. मी डोळे वटारले, टोमणे मारले, तरी ती हलली नाही. हलली असती तर फार वाईट झालं असतं. तेव्हा तिला माझ्या कलानं घ्यायला शिकवू नका. आहे तशी राहू द्या."

माझी आई बोलकी आहे, पण ती गप्प झाली. सुनेनं आपण होऊन चुकले म्हटलेलं तिनं याआधी कधी ऐकलं नसेल, मला वाटलं त्यामुळे असेल. गाडी थोडी पुढे सरकली आणि परत थांबली. वहिनीनं फोन आमच्या दोघींच्या मध्ये सीटवर ठेवला.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मी एकदा बॅग भरून माहेरी गेले होते, परत जाणार नाही म्हणून. आईनं मला जेवू घातलं, समजूत काढली, आणि स्वतः सोबत येऊन सासरी सोडून गेली होती. त्यावर ती कधी बोलली नाही, मीही कधी विचारलं नाही.

"ऐकतेस का गं?" फोनमधून आईचा आवाज आला.

"ऐकतेय."

"माझंही चुकलं होतं तेव्हा," आई म्हणाली. "तुला परत सोडायला नको होतं मी."